भिंत हलली की मी

आमच्या सासूबाईंना धरणावर सगळे मिलीबाई म्हणायचे. हे नाव काही कोणी कौतुकाने ठेवलेलं नव्हतं. एकदा त्यांनी एका मुकादमाला नुकताच ओतलेला काँक्रीटचा खांब पाडून पुन्हा उभा करायला लावला. तो वैतागून म्हणाला, "अहो बाई, दोन मिलीमीटरने कोणाचं काय अडणार आहे?" त्या म्हणाल्या, "तुमचं नाही अडणार. मोजणाऱ्याचं अडेल." खांब पडला, नाव मात्र उभं राहिलं.

सासरे आजारपणात गेले तेव्हा धरणाचं बांधकाम चालू होतं. त्यांच्या जागी सासूबाईंना मजूर म्हणून घेतलं. मोजणीच्या साहेबांनी दाखवलेल्या जागी आरसा लावलेली काठी सरळ धरून उभं राहायचं, एवढंच काम. सहा वर्षं त्या अशा उभ्या राहिल्या. मग एकदा साहेबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि आकडे वाचायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून यांना यंत्रापाशी बोलावलं. त्यानंतर यंत्र त्यांच्या हातून कोणी काढून घेतलं नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा त्या दर मंगळवारी भिंत मोजायच्या. धरणासमोर एक टेकडी होती. तिच्यावरच आमची कॉलनी: बेचाळीस घरं, शाळा, पाण्याची टाकी आणि माथ्यावर मोठ्या साहेबांचा बंगला. टेकडीच्या पुढच्या अंगाला तो पाडून पुन्हा उभा केलेला खांब होता. त्यावर यंत्र बसवायचं आणि समोर भिंतीच्या पोटात बसवलेल्या पाच आरशांवर एकेक करून रोखायचं. यंत्रातून डोळ्यांना न दिसणारा उजेड निघतो, आरशावर आपटून परत येतो, आणि जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र अंतर सांगतं. भिंत खांबापासून साडेसहाशे मीटरवर. एका सेकंदाचे दहा लाख तुकडे केले, तर त्यातले चार-साडेचार तुकडे एवढाच काय तो वेळ.

"एवढ्यात काय होतं गं?" त्या मला विचारायच्या. "पापणीसुद्धा लवत नाही. आणि तेवढ्यात हा जाऊन येतो!"

मी शाळेत विज्ञान शिकवायची, त्यामुळे उजेडाबद्दलच्या सगळ्या तक्रारी माझ्याकडे यायच्या. सासूबाईंचा उजेडावर विश्वास नव्हता. तसा त्यांचा फार कशावरच नव्हता. मुळात घाबरट. गॅस बंद केला का ते तीनदा बघणार, बसमध्ये दाराजवळच बसणार. वीस वर्षं धरणावर नोकरी केलेली ही बाई धरणाच्या माथ्यावर एकदाही चढली नाही. "लांबून बघते तेवढं पुरे आहे," म्हणायच्या.

तो मंगळवार शाळेच्या सुट्टीतला होता. सासूबाई सकाळी साडेसातला गेल्या, त्या अकरापर्यंत यायला हव्या होत्या. दोन वाजले तरी पत्ता नाही. आल्या त्या पांढऱ्याफटक पडलेल्या. पाणी प्यायल्या आणि मग सांगितलं.

पाचही आरसे नऊ मिलीमीटरने जवळ आले होते.

त्यांनी काच पुसून पुन्हा मोजलं, यंत्र उतरवून परत चढवून मोजलं. हवा गरम असेल तर उजेड किंचित भरभर जातो, म्हणून हवेचं तापमान यंत्रात भरावं लागतं. आपला तापमापकच बिघडला असेल असं वाटून त्या दवाखान्यातला मागून आणायला धावल्या. दोन्ही सारखेच. आणि नऊ मिलीमीटरची चूक व्हायला तापमापक चौदा अंशांनी चुकायला हवा होता.

मग त्या मोठ्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी पहिलं विचारलं ते खूण-खांबाचं. आपला खांब जागेवर आहे ना हे तपासायला शाळेच्या वरच्या अंगाला दुसरा एक खांब होता. दर वेळी आधी त्याच्याकडे बघायचं, मग भिंतीकडे. त्याचं अंतर तसूभरही बदललेलं नव्हतं.

"म्हणजे तुम्ही जागेवर आहात," साहेब म्हणाले. "म्हणजे भिंत आली."

त्यांनी दार लावून घेतलं. धरण काठोकाठ भरलेलं, आणि खाली नदीकाठी वीस हजार वस्तीचं गाव. साहेबांनी धरणाचे दरवाजे थोडेथोडे उघडून पाणी सोडायला सांगितलं, तज्ज्ञांना फोन केला. ते शुक्रवारशिवाय पोचणार नव्हते. गावाला सांगायचं का, असं सासूबाईंनी विचारलं, तर म्हणाले, "आत्ता नाही. चेंगराचेंगरीत माणसं मरतील. बाई, कोणाजवळ बोलू नका."

त्या माझ्याजवळ बोलल्या. एवढं एकटीने मनात ठेवणार तरी कसं?

खालच्या गावात माझं माहेर होतं. मी म्हटलं, आई-बाबांना फोन करते. त्यांनी माझा हात धरला. "थांब. आधी मला एक सांग. भिंत माझ्याकडे येत असेल, तर उजेड तिच्यावर जास्त जोरात आपटून परत येईल ना? चेंडू येतो तसा?"

"नाही आई. उजेडाचं तसं नाही. समोरचं येत असो, जात असो, आपण धावत असू, त्याचा वेग सगळ्यांना तेवढाच दिसतो."

"असं कसं? बसमधून पुढे फेकलेला दगड जास्त जोरात लागतो."

"दगड लागतो. पण बसच्या दिव्याचा उजेड बस उभी असताना जेवढ्या वेगाने जातो तेवढ्याच वेगाने पळतानाही जातो. का, ते मलाही पोटातून पटलेलं नाही. पण मोजून बघितलंय लोकांनी."

त्यांनी टेबल पुसायच्या फडक्याची घडी घातली. "म्हणजे भिंत माझ्याकडे आली काय आणि मी भिंतीकडे गेले काय, उजेडाला सारखंच?"

"सारखंच. दोघांमधलं अंतर किती कमी झालं तेवढंच तो सांगणार. कोण हललं हे त्याला माहीत नसतं."

"मला तेच खुपतंय," त्या म्हणाल्या. "पाचही नऊ. फळीची दोन टोकं धरून मधे दाबली तर मधेच वाकते ना? कडेचे दोन आरसे जिथे आहेत तिथे भिंत डोंगरात रुतलीय. ते मधल्याइतकेच कसे येतील?"

"हे साहेबांना सांगितलंत?"

"धीर नाही झाला. माझं चुकलं आणि त्यांनी पाणी सोडायचं थांबवलं तर?"

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. बुधवारी आकडा बारा झाला.

गुरुवारी सकाळी त्या कार्यालयात जायला कॉलनीच्या बसमध्ये बसल्या, नेहमीसारख्या दाराजवळ. ती बस आमचे हे चालवायचे. मी शेजारी होते, कारण त्यांना एकटं सोडायची मलाच भीती वाटत होती. बस उभी होती. खिडकीला खेटून सिमेंटचा एक ट्रक उभा होता, तो हळूच मागे सरकायला लागला. सासूबाईंनी पुढचा दांडा पकडला आणि किंचाळल्या, "ब्रेक दाब! अरे ब्रेक दाब!"

हे मागे वळून हसले. "आई, आपली गाडी उभी आहे. ट्रक चाललाय. समोरच्या झाडाकडे बघ."

त्यांनी झाडाकडे बघितलं. बसमधले लोक हसत होते, त्यांचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं.

"झाड," त्या मला पुटपुटत म्हणाल्या. "आपल्याकडे झाडच नाही गं. खूण-खांब आहे, पण तो आपल्याच बसमध्ये बसलाय."

मला कळायला एक क्षण लागला. दोन्ही खांब एकाच टेकडीवर होते. टेकडीच सरकली तर दोघे मिळून सरकणार, आणि एकमेकांकडे बघून म्हणणार, सगळं जागच्या जागी आहे.

साहेबांनी ऐकून घेतलं, पण मान हलवली. "बाई, पाच आकडे सारखे आले म्हणून अख्खी टेकडी हलवता? हे सुतावरून स्वर्ग गाठणं झालं. यंत्र खांबावरून हलायचं नाही. तज्ज्ञ उद्या येताहेत."

"साहेब, परवानगी देऊ नका," सासूबाई म्हणाल्या. "फक्त अर्धा दिवस तिकडे बघू नका."

साहेबांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग खुर्ची फिरवून पाठ केली आणि उगीचच फोन उचलला.

नदीच्या पलीकडच्या काठावर एक उघडा काळा कडा होता. धरण बांधताना तिथूनही मोजणी झाली होती. खडकात ठोकलेला पितळी खिळा अजून होता आणि जुन्या वहीत त्याचे आकडे होते. सासूबाईंनी टेकडीवरच्या आपल्या खांबावर एक आरसा बसवून ठेवला, आणि यांनी आम्हाला खालच्या पुलावरून पलीकडे नेऊन सोडलं. आमची चार वर्षांची मुलगी शेजारच्या वहिनींकडे होती.

चढून जाईपर्यंत दहा वाजले. मी यंत्रावर छत्री धरली. यंत्र सपाट बसलंय का हे दाखवणारा त्यातला बुडबुडा मध्यावर यायला हवा, तो येईना. कारण सासूबाईंची बोटं स्क्रूवर थरथरत होती.

"काहीतरी बोल," त्या म्हणाल्या. "मुलांना शिकवतेस तसं बोल."

"उजेड एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. "सूर्यापासून आपल्यापर्यंत यायला त्याला आठ मिनिटं लागतात. म्हणजे आपण बघतो तो सूर्य आठ मिनिटांपूर्वीचा…"

"म्हणजे आत्ता काय झालंय ते कोणालाच दिसत नाही."

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि बुडबुडा बसला.

आधी भिंत. मधला आरसा. त्यांनी आकडा वाचला, मी वहीतला जुना आकडा वाचला. एका मिलीमीटरचा फरक. धरण भरल्यावर भिंत जेवढी वाकायला हवी तेवढाच. कडेचे आरसे: फरक नाही. त्यांनी तीनदा मोजलं. भिंत होती तिथेच होती. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आई, बाबा, खालचं सगळं गाव. मी सासूबाईंच्या गळ्यात पडणार होते, पण त्यांनी मला हाताने बाजूला केलं आणि यंत्र हळूहळू उलट्या बाजूला वळवलं.

"आता आपण," त्या म्हणाल्या.

कड्यावरून आमची टेकडी एखाद्या चित्रासारखी दिसत होती. घरांच्या रांगा, टाकी, शाळेचं लाल छप्पर. आमच्या घरामागे मी सकाळी वाळत घातलेली निळी चादर. सासूबाईंनी दुर्बिणीतून आपल्या खांबावरचा आरसा शोधला.

"अकरा," त्या म्हणाल्या. वहीतल्या अंतरापेक्षा टेकडी आमच्याकडे अकरा मिलीमीटर आली होती; ती तिरकी सरकत होती, म्हणून भिंतीकडचा आकडा वेगळा.

अर्ध्या तासाने बारा. आणखी वीस मिनिटांनी चौदा.

पायाखालची जमीन सरकणे. हा वाक्प्रचार मी मुलांना किती वेळा वाक्यात उपयोग करून दाखवला असेल. त्या दिवशी माझ्या मुलीच्या पायाखालची जमीन खरोखर सरकत होती आणि मी ते आकड्यांत वाचत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात. दोन दिवस आम्ही भिंतीकडे डोळे लावून बसलो होतो.

सासूबाईंनी कामावरचा वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "साहेब, भिंत ठीक आहे. टेकडी खाली येतेय. कॉलनी रिकामी करा."

"खात्री आहे?"

"नाही."

"मग मी बेचाळीस घरं कशाच्या जोरावर बाहेर काढू, बाई?"

"साहेब, तुमच्या बंगल्याची दारं नीट लागतात का?"

आमच्या न्हाणीघराचं दार त्या महिन्यात दोनदा अडकलं होतं; यांनी रंधा मारून कड तासली होती. शेजारच्या वहिनींचं स्वयंपाकघराचं दार, शाळेतल्या पाचवीच्या वर्गाचं. आम्ही सगळे ओल आली म्हणून लाकडाला दोष देत होतो.

"दिवाणखान्याचं आठवडाभर लागत नाहीये," साहेब म्हणाले. आवाज पार बदलला होता. पाच मिनिटांत भोंगा वाजला.

मी उतारावरून धावत सुटले. चार पावलांवर लक्षात आलं की सासूबाई येत नाहीत.

"आई, चला!"

"तू जा. मी इथून सांगत राहते. टेकडीवर जायला किती वेळ उरलाय ते कोणीतरी सांगायला नको?" त्यांनी डोळा पुन्हा यंत्राला लावला. "छोटीला आधी घे. जा गं!"

हे खाली बस घेऊन थांबले होते. आम्ही टेकडी चढलो तेव्हा रस्त्याला आडवी एक भेग पडली होती, बोटभर रुंद. हे काही न बोलता तिच्यावरून गेले. दर पंधरा मिनिटांनी यांच्या समोरच्या वॉकीटॉकीतून सासूबाईंचा आवाज यायचा: एकोणीस, तेवीस, अठ्ठावीस. आवाज एका पट्टीत, बाजारात भाव सांगावा तसा. मी जन्मात ऐकलेला सगळ्यात भीतिदायक आवाज तो.

वहिनी छोटीला कडेवर घेऊन दारातच उभ्या होत्या. मी तिला इतकी घट्ट धरली की ती रडायला लागली. लोक काय काय घेऊन निघाले होते! एकाने पंखा उचलला होता, एकीने फक्त कुंडी. कंपाउंडरच्या म्हाताऱ्या आईने जागचं हलायला नकार दिला. "मी कुठे हलतेय? टेकडी हलतेय ना, मग तिला सांगा," म्हणाली. शेवटी चौघांनी तिला खाटेसकट उचलली. बसच्या सहा खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला ती भेग हातभर झाली होती, आणि यांनी गाडीतल्या सगळ्यांना उतरवून, भेगेवर फळ्या टाकून, रिकामी बस जीव मुठीत धरून एकट्याने पार केली. मी खाली उभी राहून डोळे मिटले होते. चाकांचा आवाज बदलला तेव्हा उघडले.

साडेचारला टेकडीवर कोणी उरलं नाही.

संध्याकाळी आम्ही दोघं छोटीला घेऊन पलीकडे गेलो तेव्हा सासूबाई यंत्रापाशीच होत्या. दिवसभर पाण्याशिवाय पोटात काही नव्हतं. छोटीला बघून त्या मटकन खाली बसल्या आणि मग उठताच येईना. यांनी त्यांना पाठुंगळीला घेऊन खाली आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला टेकडीचा पुढचा अर्धा भाग खाली आला. एकदम कोसळला नाही. आधी झाडं वाकडी झाली, मग टाकी कलंडली, मग घरांच्या दोन रांगा सावकाश, उभ्याउभ्याच उतरल्या आणि धुळीत दिसेनाशा झाल्या. सत्तावीस घरं गेली, त्यात आमचं एक. शाळा गेली. माणूस एकही गेला नाही. कंपाउंडरची मांजर तेवढी सापडली नाही. नदीत माती आली, पण दरवाजे उघडून साहेबांनी पाणी कमी करून ठेवलं होतं, त्यामुळे गावाला धोका झाला नाही. चुकीच्या कारणासाठी केलेलं काम योग्य वेळी उपयोगी पडलं.

नंतर कळलं की टाकीकडे जाणारा मोठा पाइप जमिनीखाली कित्येक वर्षं गळत होता. टेकडी आतून भिजून लोण्यासारखी झाली होती. चौकशीसाठी तिघेजण आले. त्यांनी सासूबाईंना विचारलं, तुम्हाला हे कधी कळलं? त्या म्हणाल्या, "कळलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी भीती वाटत होती. कुठली खरी ते बघायला पलीकडे गेले." लिहून घेणाऱ्याने हे वाक्य लिहिलं की नाही कोण जाणे. अहवालात त्यांचं नाव 'मोजणी कर्मचारी' एवढंच आहे. साहेबांनी मात्र स्वतःच्या निरोप समारंभात सगळ्यांसमोर सांगितलं की मी खुर्ची फिरवली एवढंच माझं कर्तृत्व.

आम्हाला नदीपलीकडे सपाटीवर नवी घरं मिळाली. भीती मात्र सोबत आली. पहिले कित्येक महिने सासूबाई सकाळी उठल्या की घरातली सगळी दारं एकेक करून लावून बघायच्या. बसमध्ये बसल्या की शेजारच्या गाडीकडे न बघता दूरचं काहीतरी शोधायच्या. मला एकदा म्हणाल्या, "तो कडासुद्धा कशावरून स्थिर? पृथ्वीच फिरते म्हणतेस तू." मी म्हटलं, "आई, कशावर तरी उभं राहावंच लागतं." त्यांना ते उत्तर आवडलं नाही. मलाही नव्हतं आवडलं.

उरलेली टेकडी थांबली का हे बघायला त्या दर शनिवारी कड्यावर जायच्या. आता नियमाने तीन ठिकाणांहून मोजायचं, तीन वेगळ्या डोंगरांवरून. तो नियम त्यांनीच भांडून करून घेतला. हाताखाली दोन मुली आल्या होत्या, त्यांनाही मिलीमीटरवरून छळायच्या. पहिल्या महिन्यात टेकडी बोटबोटभर सरकत होती. मग दोन मिलीमीटर, मग एक. तेरा महिन्यांनी एका शनिवारी फरक आला शून्य. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा शून्य.

त्या दिवशी दुपारी त्या घरी आल्या, वही कपाटात ठेवली आणि आडव्या झाल्या. दुपारी झोपायची त्यांना सवय नव्हती. सहा वाजले, चहाची वेळ टळली, छोटीने दोनदा दारातून डोकावून बघितलं. तोंड किंचित उघडं, हात पोटावर, गाढ झोपल्या होत्या. आम्ही त्यांना उठवलं नाही.